पहिल्या खोक्यातली ओटी

इंदुराला समुद्र नाही. बोट बघायची तर तलावावर जावं, तीही पायाने पेडल मारायची. तरी माझा अर्धा दिवस बंदरं, बोटी आणि विमानं यांच्यातच जातो. पलासियाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कचेरी आहे. खाली बँक, वर कोचिंग क्लास. आमचं काम क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे माल देशाबाहेर जाताना किंवा आत येताना कस्टममधून सोडवायचा. त्यातही परदेशी मदतकार्यासाठी जाणारा माल आणि त्यासाठी जाणारी माणसं ही बाजू माझ्याकडे आहे.

माल म्हणजे काय काय? हातपंपांचे सुटे भाग, चष्मे, कुबड्या, लसींचे फ्रीज. माणसं म्हणजे डॉक्टर, नर्स, पंप बसवणारे मिस्त्री. त्यांची तिकिटं, व्हिसा, पिवळ्या तापाची लस, सगळं मीच बघतो. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या सामानात प्रेशर कुकर बांधला होता आणि तो विमानतळावर माझ्याच हाती परत आला. तो कुकर आजही आमच्या कचेरीत आहे, चहाची साखर त्याच्यात राहते.

या वयात माणसं कामाला कंटाळतात म्हणतात. मला अजून कंटाळा आलेला नाही. इथून निघालेलं खोकं नकाशावर कुठल्या कुठे पोचतं, आणि ते पोचल्याचा मेसेज येतो, तेव्हा मी खुर्चीतून उठतोच. शेजारचे लोक म्हणतात, "भिया को फिर डिलिव्हरी हो गई." पण ज्या खोक्यांबद्दल मी लिहितो आहे, ती खरंच बाळंतपणाची होती.

आफ्रिकेतल्या एका देशात, ज्याला आमच्यासारखाच समुद्र नाही, एक नर्स आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या पावसानंतर बोट घेऊन नदीकाठच्या गावांत जातात आणि गरोदर बायकांना तपासतात, बाळंतपणाचं स्वच्छ सामान देतात. नदीला पाणी असतं तोवरच बोट शेवटच्या गावापर्यंत जाते. पाणी उतरलं की पुढे नुसती वाळू, आणि त्या वाळूतून ना गाडी जाते ना बैलगाडी. त्या गावांच्या बायकांना सामान मिळायचं तर या फेरीत, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. पोटातली बाळं पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाहीत, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. त्या मला "मिस्टर इंदूर" म्हणतात. मी त्यांना सिस्टर म्हणतो.

बोट सोमवारी निघणार होती. इंजिन भाड्याचं होतं, पाणी उतरायला लागलं होतं, मंगळवार नाही म्हणजे नाही.

सामान बांधायचं काम एका संस्थेमार्फत इंदुरातल्या बायकांच्या एका गटाला मिळालं होतं. गट बडा गणपतीजवळ एका दुकानाच्या माडीवर बसतो. गटाची प्रमुख माझी बायको. हे मी आमच्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि म्हणालो, "घरचं माणूस आहे, म्हणून तपासणी दुप्पट करीन." बायकोने हे ऐकलं तेव्हा म्हणाली, "घरी एकदाच करता ती काय कमी होती?"

पण काम त्यांनी चोख केलं. प्रत्येक पिशवीत तेच सामान: प्लॅस्टिकची चादर, हातमोजे, साबण, नाळ कापायचं पातं, नाळ बांधायची फीत, बाळाला गुंडाळायचं सुती कापड, टोपी. पिशव्या सारख्या, खोक्यातल्या पिशव्यांची संख्या सारखी, खोकी सारखी. एकूण अठरा. मी स्वतः माडीवर बसून एक खोकं भरून घेतलं आणि वजन केलं. अकरा किलो सहाशे ग्रॅम. म्हणालो, "बाकीची सतराही एवढीच भरली पाहिजेत. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे चालेल."

गटात एक मावशी आहेत, महू छावणीच्या. आजोबा फौजेत होते, वडील फौजेत होते, त्या स्वतः फौजी दवाखान्यात आया म्हणून राहिल्या आणि निवृत्त झाल्यावर इंदुरात लेकीकडे आल्या. त्या म्हणाल्या, "जमाईबाबू, आम्ही पलटणीत वाढलो. रांगेत एकसारखं उभं करणं आम्हाला शिकवू नका." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि गाडी बघायला खाली उतरलो. शेवटची पट्टी मारायचं काम तेवढं त्यांच्यावर सोपवलं.

शनिवारी दुपारी खोकी विमानतळाच्या कार्गोत पोचली. संध्याकाळच्या विमानाने मुंबई, तिथून पुढे. कार्गोचा हिशेब असा की आधी वजन, मग एक्स-रे, मग कस्टमची तपासणी, आणि चार वाजेपर्यंत माल विमान कंपनीच्या ताब्यात गेला पाहिजे. चारनंतर कितीही हात जोडा, दुसऱ्या दिवशीचं विमान. आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाला पुढचं विमान जुळत नव्हतं. मी ते चार वेळा जुळवून पाहिलं होतं. खोकी मंगळवारी पोचली असती.

वजनकाट्यावरचा हमाल माझ्या ओळखीचा. एकेक खोकं ठेवायचा, आकडा ओरडायचा.

"ग्यारह छह सौ. ग्यारह छह सौ दस. ग्यारह छह सौ. भिया, ये क्या छपवा के लाए हो?"

मला इतकं बरं वाटत होतं की मी त्याला मध्येच थांबवून काट्याच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो घेतला, बायकोला पाठवायला. गाडीत पहिलं भरलेलं खोकं सगळ्यात आत, म्हणून ते शेवटी उतरलं. त्यावर '१' असा नंबर लिहिलेला होता. हमालाने ते काट्यावर ठेवलं.

"बारह साढ़े पाँच सौ."

मी म्हणालो, "फिर से रख."

त्याने उचलून पुन्हा ठेवलं. बारा किलो साडेपाचशेच.

"अरे भिया, नौ सौ-साढ़े नौ सौ ग्राम में क्या लड़ाई? पूरे माल में जोड़ के लिख दो, टेन्शन मत लो."

पण मी टेन्शन घेतलं. एका खोक्यात साडेनऊशे ग्रॅम जास्त, म्हणजे त्यात कागदावर नसलेली वस्तू आहे. एक्स-रेमध्ये ती दिसणार. दिसली की एक खोकं नाही, अठराच्या अठरा खोकी बाजूला, सगळी उघडून तपासणी, आणि चार वाजणार. समजा इथे सुटलं आणि तिकडच्या कस्टममध्ये सापडलं, तर तिकडे अडकणार, आणि सिस्टर किनाऱ्यावर मोकळी बोट घेऊन उभ्या. मी खोकं ट्रॉलीवरून ओढून घेतलं आणि बायकोला फोन लावला.

"एक नंबरच्या खोक्यात काय ठेवलंय?"

"सामान."

"सामानाशिवाय?"

मागून मावशींचा आवाज ऐकू आला, "सांगून टाक गं, काट्यापुढे कोणाचं चालतं?"

"अहो, ओटी भरलीय," बायको म्हणाली.

"कोणाची?"

"त्यांची. त्या बायकांची. आता इतक्या लांब बाळंतिणींकडे सामान चाललंय, रिकामं कसं पाठवायचं? सगळ्यांची वेगवेगळी कुठे भरणार, म्हणून पहिल्या खोक्यात एक भरली. सगळ्यांच्या नावाची."

"नारळ आहे?"

"ओटी नारळाशिवाय भरतात का?"

"तांदूळ?"

"अहो, काय बाई विचारता! तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, खण. नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलंय, वर ठेवलंय, कशाला लागणार नाही. एवढं मोठं विमान, त्याला एक नारळ जड झाला का?"

"विमानाला नाही, कस्टमला जड झाला! धान्य, फळं, बिया, परवानगीशिवाय यातलं काही दुसऱ्या देशात जात नाही. कीड जाते त्याच्यातून. मी कितीदा सांगितलंय घरी!"

"तुम्ही घरी इतकं सांगता की कोणतं खरं कामाचं ते कळत नाही," बायको म्हणाली. मग आवाज बदलून म्हणाली, "बोट चुकेल का हो?"

मी म्हणालो, "आत्ता नाही. आत्ता वजन करून ओळखलं ना." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला राग कमी आणि जोर जास्त आला होता. दोष कुठे आहे ते माहीत होतं, किती आहे ते माहीत होतं, घड्याळात वेळ होता. यापेक्षा चांगली अडचण माणसाला मिळत नाही.

"ऐका," बायको म्हणाली, "काढायची तर काढा. पण भरलेली ओटी घरी परत आणू नका. आणि खोकं अगदी रिकाम्या ओटीने पाठवू नका. काय ते तुम्ही बघा."

मी खोकं खांद्यावर घेऊन कस्टमच्या खोलीकडे निघालो. हमाल मागून ओरडला, "भिया, उठाने का काम मेरा है!" पण तोवर मी अर्ध्या वाटेत होतो. बारा किलो साडेपाचशे ग्रॅम खांद्यावर घेऊन मी धावलेलो नाही, पण चालणंही ते नव्हतं.

तिथल्या अधिकारी एक बाई आहेत. कागदात शून्य चुकलं तर चहा थंड होईपर्यंत बोलतात. मी सरळ सांगितलं, "मॅडम, माझ्या मालात न कळवलेली वस्तू आहे. मीच शोधली. तुमच्यासमोर उघडतो, काढतो, मग पुढची तपासणी करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आप खुद बता रहे हैं?"

"वजन बता रहा है, मॅडम."

त्यांच्यासमोर पट्टी कापली. वरच प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यांनी ती स्वतः उघडली. शेंडीचा नारळ, त्याला हळदीकुंकू लावलेलं. खाली पांढरे तांदूळ. बाजूला खारीक, बदाम, सुपारी, हळकुंड. आणि सगळ्यांच्या खाली घडी केलेला हिरवा खण, लाल काठाचा. बाईंनी यादी पुढे ओढून तिच्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता गेलं.

मग त्या म्हणाल्या, "ये किसकी गोद भरी है?"

मी म्हणालो, "जिन औरतों को सामान जा रहा है उनकी. हममें से कोई उनको जानता नहीं है, मॅडम."

"किसने भरी?"

"मेरी मिसेस के ग्रुप ने."

"और आपको पता नहीं था."

"नहीं."

"औरतों ने बताया होता तो आप रुकवा देते."

"जी, हाँ."

"इसीलिए नहीं बताया," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. पण लगेच सरळ बसल्या. "चावल, नारियल, हल्दी, ड्रायफ्रूट, कुछ नहीं जाएगा. एक दाना नहीं. कपड़ा कौन सा है?"

"सूती है, मॅडम." मी खण चिमटीत धरून पाहिला. "सौ टक्का सूती. पर लिस्ट में नहीं है, मैं निकाल देता हूँ."

"निकालते क्यों हो? लिस्ट में डालो. जो लिखा है वो जाता है, आप ही लोगों को सिखाते फिरते हो ना?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी ज्या कामात इतकी वर्षं घातली, त्यात वस्तू काढायचा रस्ता मला लगेच दिसतो, ठेवायचा दिसत नाही. मी धावत टपालाच्या छोट्या काट्यावर गेलो. खण सत्तर ग्रॅम. मग बाकीचंही मोजलं, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. नारळ सहाशे वीस, तांदूळ दोनशे चाळीस, बाकी किरकोळ मिळून वीस. खण धरून साडेनऊशे. बरोबर जुळलं! मी एकटाच त्या काट्यापुढे "वा!" म्हणालो.

खोकं हलवून, झटकून, आत एक दाणा राहिला नाही हे बाईंना दाखवलं. खण पिशव्यांवर घडी करून ठेवला. लॅपटॉपवर यादीत शेवटी नवी ओळ टाकली: सुती कापड, एक नग, भेट, विक्रीसाठी नाही, वजन सत्तर ग्रॅम. दुरुस्तीच्या अर्जावर बाईंची सही झाली. मग प्रश्न राहिला उरलेल्या ओटीचा.

मी म्हणालो, "मॅडम, घरून हुकूम आहे, हे परत आणायचं नाही."

त्यांनी तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खारीक-बदाम पुढे ओढले आणि ओढणीच्या टोकात बांधून घेतले. एवढंच म्हणाल्या, "ये मेरे ज़िम्मे." कशासाठी, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नारळ त्यांनी दारात उभ्या असलेल्या हमालाला दिला. "यहाँ मत फोड़ना."

"मॅडम, घर जाके चटनी बनेगी," तो म्हणाला आणि नारळ बगलेत मारून एक नंबरचं खोकं माझ्या हातातून हिसकावून ट्रॉलीकडे पळाला.

एक्स-रेच्या पट्ट्यावरून अठरा खोकी एकामागून एक गेली. चारला थोडा वेळ शिल्लक असताना विमान कंपनीच्या माणसाने पावती दिली. मी बाहेर आलो आणि घरी फोन केला, "गेली." पलीकडे माडीवर एवढा कालवा झाला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मावशींचा आवाज आला, "खण गेला का?"

"गेला मावशी. बाकी सगळं काढलं, खण तेवढा गेला."

बायको फोनवर आली तेव्हा हळू बोलत होती. "अहो, खण मावशींनी दिला होता. म्हणाल्या, ते नारळ-हळदीचं तुमचं तुम्ही करा, मी काही ते करत नाही. पण बाळंतिणीला कापड लागतंच, ते माझ्याकडून घाला."

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. रविवारी स्नेहलतागंजमध्ये घरी मी पोह्यांची बशी एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन बसलो होतो. खोकी मुंबईहून निघाली, पुढच्या विमानतळावर उतरली, तिथून निघाली, राजधानीत पोचली. प्रत्येक टप्प्याला मी मोठ्याने सांगायचो आणि बायको आतून "हं" म्हणायची. मग सिस्टरचा फोन आला. नेहमी मोठ्याने हसून बोलतात, आज आवाज घाईत होता.

"मिस्टर इंदूर, आमच्या कस्टमने सगळं पास केलं, एक ओळ सोडून. एक कापड, भेट. अधिकारी विचारतो, भेट कोणाला? भेट आहे तर घेणाऱ्याचं नाव पाहिजे. नावाशिवाय तो सही करत नाही. आणि सकाळी माझी बोट आहे."

ती ओळ मीच घातली होती. अठरा खोकी बाळंतपणाचं सामान सत्तर ग्रॅम खणावर येऊन थांबलं होतं. सरळ म्हणू शकलो असतो की तो खण काढून टाका. तोंडाशीच आलं होतं. पण मी फोनवर हात ठेवून आत ओरडलो, "अगं, ओटी कोणाच्या नावाची?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या चालत नाही! एक नाव पाहिजे, आत्ताच्या आत्ता!"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. क्षणभरही विचार न करता म्हणाली, "त्या सिस्टरचं घाला. ओटी निघणाऱ्या बाईची भरतात. उद्या बोटीत बसून निघणार कोण आहे?"

मी सिस्टरना सांगितलं. पलीकडे एकदम हसू फुटलं. "माझं? मिस्टर इंदूर, माझी मुलंसुद्धा आता बाप झाली आहेत!"

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, वयाचा काही संबंध नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने धाडत नाहीत, एवढंच." मी माझ्या मोडक्या इंग्रजीत ते सांगितलं. सिस्टरनी ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं पूर्ण नाव लिहून घ्या, स्पेलिंग बरोबर पाहिजे." मी लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, नावानिशी दुरुस्त यादी तिथल्या तिथे पाठवली. पोहे थंड झाले. थोड्या वेळाने फोनवर दोनच शब्द आले: सही झाली. मी बशी हातात धरूनच उभा राहिलो, आणि बायको म्हणाली, "सांडा आता पोहे."

सोमवारी कचेरीत जाताना पलासियाच्या चौकात सिग्नलला अडकलो होतो, तेव्हा खिशात फोन वाजला. स्कूटर बाजूला घ्यायलाही धीर नव्हता. फोटो होता. मातकट पाणी, लांब लाकडी बोट, तिच्यात मधोमध रचलेली खोकी. मी ती स्क्रीनवर बोटाने मोजली, अठरा. आणि पुढे उभ्या सिस्टर, डोक्याला घट्ट बांधलेला हिरवा खण, लाल काठ कपाळावर. किनारा मागे राहिलेला स्पष्ट दिसत होता. बोट निघाली होती.

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. एकजण ओरडला, "भिया, लॉटरी लगी है क्या?"

"हो!" मी मराठीतच ओरडलो आणि कचेरीकडे वळायच्या ऐवजी स्कूटर बडा गणपतीकडे घातली.

माडीवर सगळ्या फोनवर वाकल्या. कोणी फोटो मोठा करून खोकी मोजली, कोणी नदी पाहिली. मावशींनी चष्मा लावून बराच वेळ फक्त सिस्टरचं डोकं पाहिलं.

"ब्लाउजपीस होता तो," त्या म्हणाल्या. "डोक्याला बांधलाय."

"मग काय मावशी, वाईट दिसतोय?" बायकोने विचारलं.

"वाईट कशाला दिसेल? वाऱ्याने उडू नये म्हणून गाठ कशी मारलीय बघ. पलटणीतली बाई दिसतेय." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "जमाईबाबू, पुढचा माल कधी?"

"पुढच्या महिन्यात. चोवीस खोकी."

बायकोने माझ्याकडे न पाहता विचारलं, "खण किती भरला होता म्हणालात?"

"सत्तर ग्रॅम."

"मग यादीत तेवढे आधीच धरून चला," ती म्हणाली आणि पुढच्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडायला लागली.